तानम चालू असताना

भवानीचं तानम, रागानंतरची ती मृदंगाशिवायची लयदार आलापी, ऐन भरात आलं होतं आणि आवाज गेला. आधी स्पीकरमधून काहीतरी जड जमिनीवर पडावं तसा एक ठोका आला, मग काहीच नाही. सभागृहाच्या मागच्या टोकाला, काचेच्या खोलीत बसलेल्या कल्याणरामला समोर बायकोची बोटं वीणेवर चालताना दिसत होती, शिवकुमारचे हात मृदंगावर नुसते टेकलेले दिसत होते, पण त्याच्या पुढ्यातल्या संगणकाचा पडदा काळा झाला होता. इतका वेळ कुणाच्या लक्षातही नसलेली छताच्या पंख्यांची घरघर आता सगळ्या सभागृहात भरून राहिली. तंजावरच्या मेल वीथीच्या मागच्या गल्लीतलं हे लहानसं सभागृह. सगळे माईक आधी त्या एका संगणकात जायचे आणि तिथून स्पीकरकडे. तंबोऱ्याचा सूरही तोच धरायचा, सिंगापूर-टोरांटोला बसलेल्या भवानीच्या शिष्यांना चित्रासह कार्यक्रम दाखवायचं कामही त्याचंच. तो गेला की सगळंच जायचं. लोकांनी माना वळवून काचेकडे पाहिलं. पुढच्या रांगेतून संगीतसभेचे चिटणीस हनुमंतराव लुंगीवजा वेष्टी सावरत उठले. कल्याणरामचा हात बटणाकडे गेला होता, आणि नेमकं तेव्हाच त्याला ते दिसलं. सगळं सभागृह त्याच्याकडे बघत होतं. एकटा शिवकुमार भवानीकडे बघत होता. आणि भवानीनं डोळे मिटले, तिचे खांदे खाली आले. उन्हातून घरी आलेलं माणूस उंबऱ्यात चपला काढताना खांदे सोडतं, तसे.

चिडायला हवं होतं तिनं. वाजवणारा माणूस तानमच्या मध्यावर तोडला गेला की चिडतो. चिडत नसेल तर निदान दचकतो. संगणक पुन्हा सुरू होईपर्यंत कल्याणराम तेवढाच विचार करत राहिला. भवानी दोन्ही हात मांडीखाली घालून शांत बसली होती. शिवकुमारनं तिच्याकडे झुकून काहीतरी विचारलं, तिनं मान हलवली. हनुमंतराव काचेच्या खोलीत येऊन म्हणाले, "कल्याणराम, पुन्हां? काय होतें तरी काय ह्यास?" त्यावर तो म्हणाला, "बघतों." तो बघणारच होता. सगळं आयुष्य त्यानं तेच केलं होतं.

रेल्वेच्या सिग्नल खात्यात तो निरीक्षक होता. तंजावर, कुंभकोणम, विळुप्पुरम, पुन्हा तंजावर. बिघाड झाला की त्याला बोलवत. तारा कुरतडणारे उंदीर, पावसात फुगलेल्या पेट्या, रात्रपाळीला झोपून सकाळी "आपोआप झालं सार्" म्हणणारे लोक, हे सगळे त्यानं पाहिले होते. आपोआप काही होत नाही, हे त्याचं एकमेव तत्त्वज्ञान. बिघाडाच्या मागे एक कारण असतं आणि कारणाच्या मागे बहुधा एक हात. सिग्नलचा धर्मही त्याला पटलेला होता: यंत्रणेला स्वतःबद्दल जराही शंका आली की दिवा लाल व्हावा. हिरवा चुकला तर माणसं मरतात. लाल चुकला तर गाडी उभी राहते, इतकंच. निवृत्तीनंतर सभेचं हे काम त्यानं हौसेनं घेतलं. संगीतातलं त्याला फारसं कळत नव्हतं. लग्नाला इतकी वर्षं होऊनही तोडी कुठली आणि कांभोजी कुठली हे त्याला भवानीच्या चेहऱ्यावरूनच ओळखावं लागे. पण काटा कुठे थरथरतो, कुठल्या तारेतून गुणगुण येते, हे तो बसल्या जागी सांगे. सभेला तेवढं पुरे होतं.

आणि आता हा संगणक. पहिल्यांदा बंद पडला तेव्हा त्यानं विजेला दोष दिला. बॅटरीची पेटी बदलली. पुन्हा बंद पडला तेव्हा आतल्या स्मृतीच्या पट्ट्या काढून पुसून बसवल्या, सगळ्या वायरी बदलल्या, मग सगळं पुसून नव्यानं घातलं. मधल्या दिवसांत मुलांचे कार्यक्रम झाले, नागस्वरम झालं, एक हरिकथा झाली. संगणक मुकाट चालला. बंद पडायचा तो भवानीच्याच कार्यक्रमात, आणि तोही राग आळवून झाला, तानम सुरू झालं, की मगच. हे लक्षात आल्यावर कल्याणरामची जुनी चौकशी सुरू झाली. भवानीच्याच कार्यक्रमात आणखी काय असतं, जे इतर कार्यक्रमांत नसतं? पापनाशमहून बसनं येणारा शिवकुमार असतो. मुलांना साथ करायला तो येत नाही. गेल्या वर्षीपर्यंत भवानीला दुसरेच एक म्हातारे साथ करत. ते गेल्यावर हा आला. चाळिशीचा, गोरापान, कपाळावर विभूतीची बारीक रेघ, कुणाशी फारसं न बोलणारा. व्यासपीठावर त्याच्या उजव्या गुडघ्याशीच विजेची पट्टी होती. कल्याणरामनं ती मुद्दाम उकलून पाहिली. त्या पट्टीचा आणि संगणकाचा काडीचा संबंध नव्हता. तरी त्यानं ती तिथून हलवून भिंतीला ठोकली.

घरी भवानी जेवायला वाढत होती. तो पानावर बसला आणि सहज विचारल्यासारखं म्हणाला, "आज आवाज गेला तेव्हां तुज राग नाहीं आला?"

"यंत्रावर कसला राग?"

"लोक तर म्हणत होते, तानम असें रंगलें होतें म्हणून."

"म्हणतात लोक." तिनं उजव्या हातानं रसमचं भांडं ठेवलं आणि डाव्या हातानं पाण्याचा पेला उचलला. पेला तिच्या हातातून निसटला, पाणी त्याच्या पानापर्यंत वाहत आलं. "अय्यो," ती म्हणाली आणि फडकं आणायला गेली. ती आत जरा जास्तच वेळ राहिली असं त्याला वाटलं. रेल्वेतल्या चौकशीच्या टेबलासमोर उभ्या राहिलेल्या माणसांचे हात असेच सुटत. टोपी पडायची, पेन पडायचं. तोंड खोटं बोलायला शिकतं, हात शिकत नाहीत. पाण्यात भिजलेला भात तो तसाच जेवला.

विळुप्पुरमच्या दिवसांत भवानी आठवड्यातून एकदा तिरुवैयारुला आपल्या गुरूंकडे शिकायला येई आणि माहेरी मुक्काम करून दुसऱ्या दिवशी परते. तेव्हा ती तरुण होती आणि तो नवा निरीक्षक. ती कुठल्या गाडीनं आली हे त्यानं कधी विचारलं नाही. त्याला विचारायची गरज नव्हती. सगळ्या गाड्या त्याच्या डोक्यात असत, कुठली उशिरा आहे हे त्याला फोनवर कळे. ती दारात आली की तो घड्याळाकडे न पाहता म्हणे, "आलीस?" आणि तिला कळे की हिशेब लागला आहे. एकदा ती मधली गाडी चुकल्यामुळे दोन गाड्या उशिरा आली. दारातच, त्यानं काही म्हणायच्या आधी, ती सगळं सांगत सुटली: तार तुटली, दुसरी चढवली, पुलावर बैलगाडी अडकली होती. त्याला तेव्हा बरं वाटलं होतं. आपली बायको आपल्याला सगळं सांगते. नंतर कधीतरी, मुलीच्या, गायत्रीच्या जन्मानंतर केव्हातरी, तिनं असं सांगणं बंद केलं. केव्हा ते त्याला आठवेना. कधीही न बिघडणारा सिग्नल असतो, त्याच्याकडे कुणी बघत नाही, आणि मग एक दिवस कळतं की त्याच्यातला दिवा कधीचाच गेलेला आहे.

पुढच्या कार्यक्रमाला त्यानं व्यासपीठाच्या कडेला, झेंडूच्या कुंडीमागे, एक छोटं ध्वनिमुद्रक यंत्र लपवलं. बॅटरीवर चालणारं, संगणकाशी संबंध नसलेलं. बंद पडायच्या क्षणी कुठे काही टक् वाजतं का, कुणी काही उपटतं का, ते ऐकायचं, असं त्यानं स्वतःला सांगितलं. हनुमंतरावांनाही तेच सांगितलं. संगणक त्याच्या वेळेला बंद पडला. तेच तानम, तोच ठोका, त्याच वळलेल्या माना.

दुसऱ्या दिवशी भवानी बाहेर गेल्यावर तो ते ध्वनिमुद्रण कानांना लावून बसला. भिंतीला टेकवून ठेवलेली तिची वीणा त्याच्याकडे पाठ करून होती. आधी राग, मग तानम. तानमच्या खाली, मृदंग अजून सुरू झालेला नसताना, शिवकुमारचा दबका तमिळ आवाज: "अक्का, झेपेल?" मग भवानी, वाजवता वाजवताच: "अजून थोडं." मग काही नाही. मग तो ठोका. लोकांची कुजबुज. कापडाची सळसळ. आणि भवानीचा एक लांब श्वास, आणि त्या श्वासावर तरंगत आलेला एकच शब्द: "नल्लवेळै." बरं झालं, वेळेवर झालं. त्यानं तो शब्द पुन्हा ऐकला. पुन्हा. कुठल्याही खोलीत कुठल्याही बाईनं तो शब्द उच्चारला असता तरी त्याला हाच अर्थ असता. मग शिवकुमार: "सारांना अजून सांगितलं नाहीत?" आणि भवानी: "नको. इतक्यात नको."

सार् म्हणजे तो. त्यानं यंत्र कानावरून काढलं. बाहेर रस्त्यावर फुलवाली ओरडत चालली होती, मोगऱ्याचा भाव सांगत. त्याला वाटलं, उठावं आणि दार लावून घ्यावं. पण दार लावलेलंच होतं. काय सांगितलं नाही? पन्नाशी ओलांडलेली बाई. तो स्वतःला हसायचा प्रयत्न करून पाहत होता. शिवकुमार तिला अक्का म्हणतो. पण चौकशांमध्ये त्यानं इतके अण्णा आणि इतक्या अक्का पाहिल्या होत्या की नात्याच्या शब्दावर त्याचा विश्वास बसेना. आणि समजा तसलं काही नसेल. मग दुसरं काय असेल? आपलं यंत्र बंद पडल्यावर आपलीच बायको नल्लवेळै म्हणते, हे काय कमी आहे?

त्याच आठवड्यात हनुमंतराव रस्त्यात भेटले. वार्षिकोत्सवाचं बोलता बोलता म्हणाले, "बुधवारीं तुमच्या घरचीं दिसलीं हो नव्या बसस्थानकांत. त्रिचीच्या बसमधून उतरत होतीं. तो शिवकुमारही होता. कार्यक्रम ठरवला कां तिथें कोठें?"

"होय, तसेंच कांहींतरी," कल्याणराम म्हणाला. बुधवारी भवानी तिरुवैयारुला एका शिष्येकडे जाते म्हणाली होती. परतताना तिथले पेरूही आणले होते. पेरू त्यानं खाल्ले होते. त्रिचीच्या बसस्थानकावरही पेरू मिळतात, हे त्याला आता सुचलं. घरी गेल्यावर त्यानं विचारलं नाही. विचारलं असतं तर तिनं काहीतरी उत्तर दिलं असतं, आणि ते उत्तर खरं की खोटं हे शोधायचं काम पुन्हा त्याच्याच गळ्यात पडलं असतं. तो फक्त बघू लागला. ती केव्हा उठते, फोन कुठल्या खोलीत घेते, वीणा वाजवायला बसली की मधेच का थांबते, दार का ओढून घेते. ती सराव पूर्वीपेक्षा थोडा करते हेही त्याच्या लक्षात आलं. मन दुसरीकडे असलेलं माणूस सराव कमीच करणार.

वार्षिकोत्सवाच्या दोन दिवस आधी तो संगणकाची पेटी घरी घेऊन आला आणि ओसरीवर आडवी ठेवून उघडली. खरं तर तो पुरावा शोधत होता. आत कुणीतरी काहीतरी केलेलं असणार, एखादी वायर अर्धवट कापलेली, एखादा स्क्रू सैल. पंख्याखालचा धातूचा ठोकळा त्यानं सहज बोटानं दाबला आणि तो हलला. मेंदू थंड ठेवणारा हा ठोकळा चार प्लास्टिकच्या खुंट्यांवर बसतो. त्यातली एक खुंटी जुनी होऊन तडकली होती आणि ठोकळा एका अंगाला उचलला गेला होता. हलकं काम असेपर्यंत चालायचं. पण चित्र पाठवायचं काम पडलं की संगणक तापत जाणार, आणि तासाभरानं स्वतःला वाचवायला स्वतःच बंद होणार. चित्र पाठवायचं ते फक्त भवानीच्या कार्यक्रमात. तिच्या परदेशातल्या शिष्यांसाठी. म्हणून तिच्याच वेळी. म्हणून तानमच्या वेळी. उत्तर सापडल्यावर नेहमी होणारा आनंद त्याला झाला नाही. कुणाचाही हात नव्हता. एक प्लास्टिकची खुंटी. त्याला फसवल्यासारखं वाटलं. मग वाटलं, ठीक आहे, खुंटीनं संगणक बंद पाडला. पण नल्लवेळै काही खुंटी म्हणाली नव्हती. त्रिचीला काही खुंटी गेली नव्हती.

जुन्या बसस्थानकाजवळच्या दुकानातून त्यानं नवा पंखा आणि नवा ठोकळा आणून बसवला, चित्र पाठवायचं काम लावून दिवसभर संगणक चालता ठेवला. तो हूं की चूं न करता चालला. संध्याकाळी भवानी स्वयंपाकघरात वाटाण्याच्या शेंगा सोलत होती. तिथे जाऊन त्यानं सांगितलं, "सांपडला दोष. आतां नाहीं बंद पडायचा."

तिचे हात थांबले. "नक्की?"

"दिवसभर चालवून बघितला."

"किती वेळ वाजवलें तरी?"

"रात्रभर वाजव."

ती त्याच्याकडे पाहत राहिली. तसं तिनं फार दिवसांत पाहिलं नव्हतं. काहीतरी मोजल्यासारखं, त्याच्या चेहऱ्यामागे कोण बसलं आहे ते बघितल्यासारखं. मग "सेरी", बरं, असं म्हणाली आणि पुन्हा शेंगा सोलू लागली, एका हातानं, दुसरा ताटात तसाच ठेवून. त्याला आतून थंड समाधान वाटलं. तुमची सोय गेली, तो मनात म्हणाला. आता बघू.

वार्षिकोत्सवाला सभागृह भरलं होतं. जुनी मराठी घराणी, तिरुवैयारुच्या संगीतशाळेतले शिक्षक, कडेला उभे राहिलेले लोक. हनुमंतराव आज काचेच्या खोलीतच त्याच्याशेजारी खुर्ची टाकून बसले, यंत्रावर पहारा द्यायला. भवानीनं निळं रेशमी लुगडं नेसलं होतं. ती वाजवू लागली. वर्णम, एक कृती, मग राग. कल्याणरामसमोर दोन चित्रं होती, एक पूर्ण व्यासपीठाचं, एक त्याला हवं तिथे जवळ नेता येणारं. तो ते दुसरं चित्र शिवकुमारच्या चेहऱ्यावर नेई, मग भवानीच्या. तानम सुरू झालं. नेहमीची वेळ आली आणि गेली. शिवकुमारनं काचेकडे पाहिलं. थोड्या वेळानं पुन्हा. मग भवानीनंही मान वर करून, इतक्या लोकांच्या डोक्यांवरून, थेट काचेकडे पाहिलं. वाट बघताय, कल्याणरामला वाटलं. बघा. त्याच्या ओठांवर हसू आलं असावं, कारण हनुमंतराव म्हणाले, "शाबास हो, चाललेंय यंत्र."

त्यानं चित्र तिच्या चेहऱ्यावर आणलं. चेहरा काहीच सांगत नव्हता. फक्त नजर खाली होती. त्याला आधी त्यात काही वाटलं नाही, मग वाटलं. भवानी कधी वीणेकडे बघून वाजवत नसे. ती समोर बघे, किंवा कुठेच नाही. आता ती आपल्या डाव्या हाताकडे बघत होती, आणि नवशिका मुलगा बघतो तशी बघत होती. त्यानं चित्र हातावर नेलं. पडदाभर तिची बोटं आली. पहिली दोन बोटं तारेवर टेकत होती, पण तार ओढताना ती मेणाची असावीत तशी कलंडत होती. एकदा बोट वीणेच्या पडद्याच्या अलीकडेच पडलं. तिनं ते डोळ्यांनी पाहिलं आणि उचलून जागेवर ठेवलं. जणू ते बोट तिचं नव्हतं. कुणाचं तरी चुकलेलं मूल होतं, त्याला दंडाला धरून रांगेत उभं करायचं होतं. स्वर खाली गेला. कल्याणरामलाही तो खाली गेलेला कळला. पुढच्या रांगेतल्या दोघा शिक्षकांनी एकमेकांकडे पाहिलं. शिवकुमारनं मृदंगावर हात टाकला, तानमला मृदंग नसतो तरी, नुसत्या थापा देत तो त्या स्वराच्या अंगावर पांघरूण घालू लागला. "हें काय करतो हा?" हनुमंतराव पुटपुटले. पडद्यावर बोट पुन्हा घसरलं. भवानीच्या मनगटावरची शीर ताठ उभी राहिली होती. झेपेल? अजून थोडं. पेला. शेंगा. मांडीखाली घातलेले हात. नल्लवेळै. हे सगळं त्याला एकामागून एक आठवलं नाही, एकदम आलं. अंधारात डब्यांचे दिवे एकाच वेळी लागतात आणि मग कळतं की समोर गाडीच उभी होती, तसं. तिकडे ती पुढच्या स्वराकडे हात नेत होती आणि वरच्या अंगाला तार अजून ओढायची होती. सगळ्यात लांब, सगळ्यात अवघड ओढ त्या रागात तीच, एवढं त्यालाही ठाऊक होतं.

त्यानं टेबलाखाली हात घातला आणि संगणकाची वायर उपटली.

"पुन्हां!" हनुमंतराव उभेच राहिले. "कल्याणराम, तुम्ही तर म्हणालात—"

"बिघाड आहे," तो म्हणाला. वायर त्याच्या मुठीत होती. "मोठा बिघाड आहे. आज नाहीं सुरू व्हायचा."

काचेपलीकडे माना वळल्या. ह्या वेळी त्यानं फक्त तिच्याकडे पाहिलं. तिनं डोळे मिटले नाहीत. ती काचेकडे बघत होती. मृदंगाला माईक लागत नाही. शिवकुमारनं क्षणभर थांबून तिच्याकडे पाहिलं, तिनं मान हलवली, आणि त्यानं एकट्यानं वाजवायला सुरुवात केली. सगळं सभागृह पुढे झुकून ऐकू लागलं, कुणीतरी जाऊन पंखे बंद केले. भवानी हात मांडीत घेऊन ताल धरत राहिली, उजव्या हातानं. त्यानं संपवल्यावर टाळ्या पडल्या आणि समारोपाचं मंगळ माईकशिवायच, अगदी थोडक्यात, झालं.

दोघं रिक्षानं घरी निघाली. वीणा दोघांच्या मांडीवर आडवी होती. ओसरीवर आल्यावर, दिवा न लावताच, ती म्हणाली, "तुम्हींच केलें ना?"

"होय."

"कां?"

तो म्हणाला, "बोटें बघितलीं तुझीं."

ती खांबाला टेकून बसली. मानेतली शीर दबली आहे, ती म्हणाली. त्रिचीच्या डॉक्टरनं सांगितलं. पहिली दोन बोटं तासभर वाजवलं की जात. आता त्याहून लवकर जातात. शस्त्रक्रिया करायला हवी, पण केल्यावर बोटं परत येतीलच असं तो डॉक्टर म्हणत नाही. तोवर वाजवू नका म्हणाला. "वार्षिकोत्सवापर्यंत कसें तरी रेटायचें म्हटलें. यंत्र बंद पडलें कीं हात मांडीखालीं घालून बसायचें. जरा ऊब लागली म्हणजे बोटें यायचीं परत. मज वाटायचें, देवच पावतो."

"शिवकुमारला सांगितलेंस."

"त्यास सांगावें लागलें नाहीं. शेजारीं बसतो, त्यास ऐकूं आलें."

"आणि मज?"

"तुम्हांस सांगितलें असतें तर मज त्या पेटीसारखें उघडून बसला असतां. केव्हांपासून, कोठें, कशानें, आधीं कां नाहीं सांगितलेंस." तिच्या आवाजात राग नव्हता, ते त्याला अधिक लागलं. "परवां तुम्ही येऊन सांगितलेंत ना, दोष सांपडला म्हणून. किती वेळ वाजवलें तरी बंद नाहीं पडायचा. तेव्हां मज वाटलें, तुम्हांस कळलें. आणि कळून दुरुस्त केलेंत."

"असें वाटलें तुज?"

"तुमचें काय सांगावें."

आपण असं केलं नसतं, हे त्याला छातीला हात लावून म्हणता येईना. समाधानाचा तो थंड घोट त्याला आठवत होता. त्याला ध्वनिमुद्रकाबद्दल सांगायचं होतं, पेरूंबद्दल सांगायचं होतं. आणि तेवढ्यातही, ओशाळं वाटत असतानाही, एक प्रश्न मधूनच डोकं वर काढत होता: त्रिचीचा कुठला डॉक्टर, कुठली बस, शिवकुमारच का. तो प्रश्न मेला नव्हता. तो कदाचित मरणारही नव्हता. पायरीवर बसून राहणारं मांजर असतं तसा तो तिथे बसून राहणार होता. कल्याणरामनं त्याला आत घेतलं नाही इतकंच.

सकाळी कॉफी झाल्यावर तीच म्हणाली, "डॉक्टरनें एक सांगितलें आहे. रोज बघायचें, कोठवर कळतें तें. डोळे मिटायचे आणि दुसऱ्यानें बोटांस टोंचायचें."

"मग आतांपर्यंत कोण—" तो बोलून गेला.

"मीच," ती म्हणाली. "पण आपण आपणांस टोंचलें तर काय कळतें? दुसऱ्या हातास ठाऊकच असतें कोठें लावलें तें. खोटेंच सांगतों मग आपण."

त्यानं केरसुणीतून नारळाचा एक हीर काढला, मोडून त्याचं टोक बोथट केलं. दोघं ओसरीवर समोरासमोर बसली. तिनं डावा हात उताणा करून त्याच्या गुडघ्यावर ठेवला आणि डोळे मिटले. इतकी वर्षं तो हा चेहरा वाचत आला होता. डोळे मिटलेला, तो असा समोर कधी आला नव्हता. त्यानं हीर अंगठ्याला लावला. "अंगठा," ती म्हणाली. करंगळीला लावला. "करंगळी." करंगळीशेजारच्या बोटाला लावला. ती जराशी थांबली, मग ओळखलं तिनं. रस्त्यावरून दूधवाला मोपेडवरून गेला. कल्याणरामनं हीर अंगठ्याशेजारच्या पहिल्या बोटाच्या टोकाला लावला, तिथे तारेनं पाडलेला काळपट घट्टा होता. ती वाट बघत होती. त्यानं थोडं दाबलं. मग आणखी थोडं, टोकाभोवतीची कातडी पांढरी होईपर्यंत. तिच्या कपाळावर आठीसुद्धा नव्हती. तंबोरा लागायची वाट बघताना असायचा तसा तिचा चेहरा शांत, कान देऊन बसलेला होता.

"हं," ती डोळे न उघडता म्हणाली, "लावा कीं आतां."